ठिणगीचा मुहूर्त

मुहूर्ताचे वेड आपल्या लोकांना फार. नरकचतुर्दशीचे स्नान सूर्य उगवायच्या आत आटोपले पाहिजे, लक्ष्मीपूजन प्रदोषकाळीच झाले पाहिजे, आणि पाडव्याची नवी वही चांगली वेळ पाहिल्याशिवाय उघडायची नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांना याबद्दल कुणी हसले, की मला त्या हसणाऱ्याचेच हसू येते. कारण हा गृहस्थ बहुधा मोटारीतून किंवा फटफटीवरून आलेला असतो, आणि ज्या यंत्राने त्याला आणले ते मुहूर्ताच्या बाबतीत कुठल्याही भटजींपेक्षा कडक असते. चार सिलिंडरांचे साधे पेट्रोल इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल, तर त्याच्या पोटात दर सेकंदाला शंभर ठिणग्या पडतात. यांतली एकेक ठिणगी ठरल्या क्षणी पडावी लागते. मागेपुढे झाली, तर इंजिन रुसते. फारच पुढे पडली, तर फुटते.

हा मुहूर्त घटका-पळांत मोजत नाहीत, अंशांत मोजतात. पिस्टन सिलिंडरमध्ये वर येतो, पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण दाबतो, मग ठिणगी पडते, जाळ होतो आणि पिस्टन खाली ढकलला जातो, एवढे शाळेतल्या पुस्तकात असते. ते वाचून कुणालाही वाटेल, की पिस्टन अगदी शिखरावर पोहोचला की ठिणगी टाकावी. पण तसे करून चालत नाही. जाळ पसरायला वेळ लागतो. तो वेळ म्हणजे एका सेकंदाचे दोन-तीन हजारांश. तुम्हां-आम्हांला तो वेळच वाटणार नाही. पण तीन हजार फेऱ्यांना इंजिनाचा दांडा एका हजारांश सेकंदात अठरा अंश फिरून मोकळा होतो. म्हणून ठिणगी आधीच, पिस्टन वर येत असतानाच टाकायची; म्हणजे दाबाचा खरा जोर पिस्टन शिखरावरून थोडासा, सुमारे पंधरा अंश, खाली उतरला असताना येतो आणि ढकलणे कारणी लागते.

घरातल्या बायकांना हे समजावून सांगावे लागत नाही. दहाला पाने वाढायची असली, तर चूल दहाला पेटवून भागत नाही. मुहूर्त जेवायचा दहाचा असतो, चुलीचा साडेनवाचा. इंजिनातली ठिणगी म्हणजे ही चूल पेटवण्याची वेळ.

ही वेळ इंजिनाच्या वेगाप्रमाणे बदलते, हे ओघाने आलेच. वेग वाढला की तेवढ्याच वेळात दांडा अधिक फिरतो, म्हणून ठिणगी अधिक आधी हवी. १९०८ साली निघालेल्या फोर्डच्या 'मॉडेल टी' मोटारीत हे काम हाकणाऱ्याच्या हाती होते. सुकाणूखाली एक दांडी असे, ती मागेपुढे करून ठिणगी पुढेमागे करायची. पुढे ही दांडी गेली आणि तिचे काम डिस्ट्रिब्युटरमध्ये बसवलेल्या दोन लहान वजनांनी पत्करले. वेग वाढला की ही वजने फाकतात, स्प्रिंगा ताणल्या जातात आणि ठिणगी आपोआप पुढे सरकते. आपल्याकडचे मिस्त्री या डिस्ट्रिब्युटरला 'डेल्को' म्हणतात. हे नाव ऐकून मला पूर्वी तो एखाद्या मिस्त्रीच्या तोंडचा अपभ्रंश वाटे. पण ती अमेरिकेत १९०९ साली चार्ल्स केटरिंग यांनी स्थापन करण्यात भाग घेतलेल्या, बॅटरीवरच्या ठिणगीची व्यवस्था रूढ करणाऱ्या कंपनीची आद्याक्षरे आहेत. कंपनीचे नाव वस्तूला चिकटून ते साकोलीच्या बाजारापर्यंत पोहोचले, हे काही लहान कर्तृत्व नव्हे.

एवढे पुराण सांगण्याचे कारण आमची मोटार. ती प्रीमियर पद्मिनी आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून जी फियाट निघत असे, तीच पुढे १९७० च्या दशकात पद्मिनी झाली. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीमुळे ती साऱ्या देशाला ओळखीची. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत २०२३ च्या ऑक्टोबरअखेर संपली आणि मुंबईच्या रस्त्यांवरून हा काळापिवळा रंग या गाडीपुरता पुसला गेला. तिचे इंजिन १,०८९ घनसेंटिमीटरचे, चाळीसेक अश्वशक्तीचे. म्हणजे गरीब, कष्टाळू आणि सोसणारे. आमचे एकोडी गाव भंडारा जिल्ह्याच्या साकोली तालुक्यात, भोवती धानाच्या बांध्या. अशा गावात गरीब आणि सोसणारी गाडीच शोभते, म्हणून मी ती नागपुरात एका घरातून जुनी विकत घेतली.

पण आमच्या वाट्याला आलेली पद्मिनी तशी नव्हती. महामार्गावर ती अशी धावे, की शेजारी बसलेली सौभाग्यवती दाराची मूठ घट्ट धरी. आणि गावात शिरून हळू झाली, की दम्याच्या रोग्यासारखी धापा टाके, हलहल हले आणि चौकात नेमकी चार माणसे पाहत असताना बंद पडे. मग सेल्फ मारत बसायचे. मुलाने तर निकाल देऊन टाकला होता, की या दिवाळीनंतर ही गाडी भंगारात घालावी. त्याचे म्हणणे मी खोडून काढू शकत नव्हतो. पेट्रोल जाते, वेळ जातो, आणि आईला नागपूरला दवाखान्यात न्यायचे असले की वाटेत काय होईल याची धास्ती. गाडी घरात ठेवायची, तर तिच्यावर भरवसा हवा.

दुरुस्तीचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. एका शहरातल्या कारखान्यात पुस्तक उघडून, पुलीवरच्या कंपनीच्या खुणेवर ठिणगी अचूक बसवून दिली. गाडी गावात जशी बंद पडत होती तशीच पडत राहिली. दुसऱ्या एका ठिकाणच्या कारागिराने पुस्तक बाजूला सारले, डेल्कोचा नट सैल केला आणि कानाने ऐकत तो आठ अंश पुढे फिरवला. गाडी उभ्या उभ्या शिवणयंत्रासारखी चालू लागली! आम्ही खुशीत निघालो, आणि महामार्गावर पहिल्याच चढाला पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा आवाज येऊ लागला. मी ठिणगी पुन्हा खुणेवर आणून घेतली. तेव्हा खडे थांबले आणि धापा परत आल्या.

हा खड्यांचा आवाज वाचकांपैकी कुणी ऐकला असेल, तर त्याने तो मनावर घ्यावा. त्याला मिस्त्री लोक नॉकिंग म्हणतात. ठिणगी फार आधी पडली, की जाळ पसरत असताना पिस्टन अजून वरच येत असतो. कोपऱ्यात उरलेले मिश्रण दोन्हीकडून दाबले आणि तापवले जाते आणि जाळ पोहोचण्याच्या आतच एकदम भडकते. तो दणका सिलिंडरच्या भिंतींवर आदळतो, त्याचा तो आवाज. थोडा झाला तर निभावते. दिवसेंदिवस चालला तर पिस्टनच्या माथ्याला खळ्या पडतात, रिंगांच्या खाचा तुटतात, आणि एक दिवस पिस्टनला आरपार भोक पडते.

म्हणजे आमच्यापुढे दोनच पर्याय होते. गावात रुसणारी गाडी, नाही तर महामार्गावर आत्मघात करणारी गाडी. भंगाराचा निकाल मला हळूहळू पटू लागला होता.

तेव्हा आमच्या गावचे मिस्त्री म्हणाले, "विकाच्या आधी एक डाव मले पाहू द्या जी, गुरुजी."

मिस्त्रींचे वय पंचाहत्तरीच्या पुढे आहे. त्यांनी उमेदीची वर्षे तेंदूपत्त्याच्या ठेकेदारांच्या पेट्रोल जीपगाड्यांवर काढली. जंगलात ना पुस्तक, ना मापे. दोन पॉइंटांच्या मध्ये सिगारेटचा पातळ कागद धरायचा, इंजिन हाताने हळूहळू फिरवायचे आणि कागद सुटला की ठिणगीचा क्षण आला, असे समजायचे. त्यांच्या कानाची ख्याती तालुकाभर होती. गाडी दारातून गेली तरी कितव्या सिलिंडरचा प्लग मेला आहे ते सांगत. आता मात्र तो कान गेला आहे. बारीक, कणखर आवाज त्यांना ऐकूच येत नाहीत. बोलताना आपणही थोडे मोठ्याने बोलायचे. म्हणून हल्ली त्यांच्याबरोबर त्यांची नात असते. ती माझ्या वर्गात होती. आता आयटीआयला मोटार मेकॅनिकचे शिकते. आजोबांचा अनुभव आणि नातीचे कान अशी ही जोडी.

मिस्त्रींनी डेल्कोला हातही लावला नाही. त्यांनी टॅपेटचे झाकण उघडले, प्लग काढले आणि नातीला पुली हाताने फिरवायला सांगितले. पोरीने कंपासपेटीतल्या कोनमापकावरून पुठ्ठ्याची एक चकती आखून पुलीवर चिकटवली होती. ती हळूहळू फिरवीत होती आणि मिस्त्री एकाच सिलिंडरच्या दोन झडपांवर दोन बोटे ठेवून डोळे मिटून उभे होते.

"आता आतली उघडली," ते म्हणाले. "किती?"

"शिखराच्या आधी तीस."

"फिरव. फिरव. अजून फिरव. आता बाहेरची मिटली."

"शिखरानंतर तीस, आबाजी."

मिस्त्रींनी डोळे उघडले. "म्हंजे साठ अंश दोन्ही दारं उघडीच! गुरुजी, इंजिन फियाटचं हाय, पण कॅम तिचा नोहे. कोणं तरी पळवाले बदलला हाय."

इंजिनाला आत घेणारी आणि बाहेर टाकणारी अशी दोन दारे असतात, आणि ती किती वेळ उघडी ठेवायची हे कॅमशाफ्टवरचे उंचवटे ठरवतात. कारखान्यातला कॅम संसारी असतो. शर्यतीचा कॅम ती दारे लवकर उघडतो आणि उशिरा मिटतो. मद्रासजवळ शोलावरम् येथे दुसऱ्या महायुद्धातली एक धावपट्टी होती. तिच्यावर अनेक वर्षे मोटारींच्या शर्यती होत आणि त्यांत या गरीब फियाटगाड्याही धावत. त्यांच्या इंजिनांवर हौशी मंडळी असलेच प्रयोग करीत. आमच्या गाडीचा कॅम कुणा तरुणाने कोणत्या उमेदीने बसवला असेल, कोण जाणे! त्याच्या मागून गाडी हातोहात गेली आणि कॅमची गोष्ट कुणी कुणाला सांगितली नाही.

असा कॅम वेगात का पळवतो आणि हळू का रडवतो, हे मला एस.टी.च्या दारावरून कळले. गाडी सुटायच्या वेळेला कंडक्टरने दार मिटायला थोडा उशीर केला, तर काय होते? बाहेर रेटारेटी असली, तर त्या रेट्याने आणखी चार जण आत येतात. पण रेटा नसला आणि आत दाटी झाली, तर आत आलेलेच दोन जण 'पुढच्या गाडीने जाऊ' म्हणून उतरतात. वेगात फिरणाऱ्या इंजिनात मिश्रणाला असा रेटा असतो, म्हणून दार उशिरा मिटले की सिलिंडर जास्त भरतो. हळू फिरताना तो रेटा नसतो. वर येणारा पिस्टन आलेले मिश्रण दारातून परत बाहेर ढकलतो. त्यात दोन्ही दारे एकदम उघडी असल्यामुळे जळून गेलेला धूर माघारी येऊन नव्या मिश्रणात मिसळतो. निरोगी इंजिन उभे असताना व्हॅक्यूमचा काटा अठरा-वीस इंचांवर स्थिर असतो. आमच्या गाडीचा दहा-बारावर थरथरत होता.

थोडे मिश्रण आणि त्यात धूर, म्हणजे ओल्या काटक्यांची चूल. ती पेटायला वेळ लागतो. सुकी काटकी असेल तर साडेनऊला पेटवली तरी दहाला भात तयार; काटकी ओली असेल तर नऊलाच बसावे लागते. म्हणून असल्या इंजिनाला, ते हळू चालत असताना, कंपनीच्या खुणेपेक्षा बरीच आधी ठिणगी हवी. ज्या कारागिराने कानाने ऐकून डेल्को आठ अंश पुढे फिरवला, त्याने हे अचूक ओळखले होते.

मग महामार्गावर खडे का वाजले? इथेच खरी मेख आहे. वेग वाढला की मिश्रणाचा रेटा येतो, धूर निघून जातो, आत खळबळ माजते आणि जाळ झपाट्याने पसरतो. ओली काटकी वाऱ्याने सुकल्यासारखी होते. तेव्हा चूल आणखी आधी पेटवण्याचे कारणच उरत नाही. पूर्ण वेगात ठिणगी जितकी आधी हवी ती मर्यादा कॅम बदलला तरी फारशी बदलत नाही. पुस्तकाची खूण शिखराच्या आधी आठ अंशांची होती. डेल्कोतली वजने वेगात आणखी सव्वीस अंश देत, म्हणजे एकूण चौतीस. कारागिराने आठचे सोळा केले. पण वजनांनी आपले सव्वीस दिलेच, आणि एकूण बेचाळीस झाले. खडे वाजणार नाहीत तर काय होईल?

म्हणजे पुस्तकवाल्याचा शेवट बरोबर होता आणि कानवाल्याची सुरुवात बरोबर होती. मिस्त्री म्हणाले, "हलक्या धानाची तारीख भारी धानाले लावून नाही चालत जी. पण कापनी तं दोघांचीही पिकल्यावरच." मला वाटते, याहून सोप्या शब्दांत हा विषय सांगता येणार नाही. निघायचे आधी, पण जास्त पुढे जायचे नाही.

हे ऐकायला सोपे आहे. करायला मात्र डेल्को फिरवून भागत नाही, तो उघडावा लागतो. त्यातल्या वजनांनी किती फाकायचे, याला एक खाच मर्यादा घालते. सुरुवात आठाने वाढवली, तर वजनांचे देणे आठाने कमी झाले पाहिजे, सव्वीसचे अठरा. डेल्को मात्र इंजिनाच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून त्याच्या आत ही मापे निम्मी होतात, तेराचे नऊ. मिस्त्रींनी खाचेच्या टोकाला पितळेचा टाका घातला, आणि पोरीने तो कानशीने घासत घासत, पुन्हा पुन्हा मोजत, नऊ अंशांवर आणला. त्यात एक दुपार गेली. आजोबा एकदा म्हणाले, "बस झालं." ती म्हणाली, "नाही, साडेआठ आहे." आणि पुन्हा घासू लागली. मिस्त्री माझ्याकडे पाहून हसले. शिष्याने गुरूला थांबवले की गुरूच्या तोंडावर जे हसू येते, ते मास्तरकीच्या इतक्या वर्षांत मला ओळखता येते.

स्प्रिंगांचीही निवड करावी लागली. शर्यतीच्या कॅमचे इंजिन उभ्याउभ्या हजार-अकराशे फेऱ्यांवरच चालवावे लागते. स्प्रिंग फार नरम असली, तर वजने तेवढ्यातच फाकू लागतात आणि ठिणगी एका जागी राहतच नाही. आपण सोळा समजून बावीसवर बसवतो. उभे असताना वजने मिटलेली राहतील आणि वेग घेताच सैलपणे फाकतील, अशी जोडी शोधावी लागते.

मग मोजणी. कंपनीच्या पुलीवर चौतीस अंशांची खूण नसते. पोरीने पुलीभोवती दोरा गुंडाळून घेर मोजला. तो चारशे पाच मिलिमीटर भरला. तीनशे साठांनी भागले की एका अंशाला सव्वा मिलिमीटरहून थोडे कमी. सोळा अंशांना बरोबर अठरा मिलिमीटर, चौतीसला सव्वाअडतीस. असला त्रैराशिकाचा हिशेब आम्ही शाळेत पोरांकडून करून घेतो तेव्हा ती 'हे कशाला?' असे विचारतात. आता उत्तर द्यायला माझ्याकडे एक पुली आहे.

दिवेलागणीला टायमिंग लाइट लावला. हा दिवा पहिल्या सिलिंडरच्या ठिणगीबरोबर लुकलुकतो. मिनिटाला हजारो फेरे घेणारी पुली त्याच्या उजेडात एकदम थांबलेली दिसते! ज्यांनी हे पाहिले नसेल त्यांनी एकदा पाहावे. पंखा फिरतो आहे, पट्टा पळतो आहे, आणि पांढरी खूण मात्र हवेत स्तब्ध उभी आहे. शेजारच्या अंगणांतली लहान मुले गोळा झाली होती. त्यांना फुलबाज्यांपेक्षा याची मौज जास्त वाटली. इंजिनाचा वेग वाढवला तशी ती खूण हळूहळू मागे सरकत गेली आणि ज्या ठिकाणी टाका घातला होता त्या ठिकाणी येऊन थांबली. आधी पूर्ण वेगातली वेळ पक्की करायची, मग सुरुवातीची आपोआप जागेवर येते, असा मिस्त्रींचा क्रम. शेवटी कार्बोरेटरचा स्क्रू थोडा सोडून उभ्याउभ्याचा वेग खाली आणला. कारण ठिणगी सुधारली की तेवढ्याच पेट्रोलात इंजिन अधिक जोराने फिरू लागते. व्हॅक्यूमचा काटा चौदावर आला आणि त्याचे थरथरणे बरेच कमी झाले.

पण चौतीस हा आकडा तरी आमच्या इंजिनाला खरा आहे का? पुस्तक मूळ कॅमचे, हे इंजिन बदललेले. त्याचा निकाल रस्त्यावर लागतो. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही महामार्गावर गेलो. आमचा महामार्ग म्हणजे मुंबई-कोलकाता म्हणून ओळखला जाणारा, पूर्वीचा सहा क्रमांकाचा, आताचा त्रेपन्न. मी हाकीत होतो, पोर शेजारी बसली होती, मिस्त्री मागे. तिसाने सुरुवात केली. चढावर वरचा गिअर तसाच ठेवून पाय पूर्ण दाबायचा आणि कान देऊन ऐकायचे. तीसला गाडी ओढत होती, बत्तीसला अधिक, चौतीसला त्याहून थोडी बरी. छत्तीसला जोर मुळीच वाढला नाही, आणि पोरीने हात वर केला.

"वाजलं."

मला काही ऐकू आले नव्हते. मी मागे वळून मिस्त्रींकडे पाहिले. ते खिडकीच्या काठावर तळहात ठेवून बसले होते, जणू हाताने ऐकू येईल. त्यांनी नातीला विचारले, "कसं वाजलं?"

"डब्यात दोन खडे. जास्त नाही."

"मंग वाजलंच," ते म्हणाले. "चौतीस."

मला त्या क्षणी त्या दोघांकडे पाहवेना आणि पाहिल्यावाचून राहवेना. ज्या आवाजावर या माणसाने आयुष्यभर पोट भरले, तो आवाज दुसऱ्याच्या कानाने ऐकून त्याने निकाल दिला होता, आणि देताना क्षणभरही कचरला नव्हता.

हल्लीच्या मोटारींत हे सारे एक लहानसा संगणक करतो. इंजिनावर एक कान बसवलेला असतो. नॉकिंगची चाहूल लागताच तो ठिणगी दोन अंश मागे घेतो, आणि धोका टळला की पुन्हा पुढे आणतो. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ चे नियम आले, तेव्हा नव्या मोटारसायकलींमधूनही बहुतेक कार्बोरेटर गेले. याबद्दल मला खंत नाही. त्या मोटारी कमी धूर सोडतात आणि आईला नागपूरला नेताना वाटेत रुसत नाहीत. पण त्या संगणकात जे कोष्टक भरलेले असते, तेही कुणी तरी असेच एकेक अंश पुढे करून, कान देऊन लिहिलेले असते.

आमच्या गाडीला तो संगणक नाही, म्हणून तिचे कोष्टक आम्हांलाच ठेवावे लागते. दिवाळीच्या थंडीत बसवलेला मुहूर्त वैशाखात चालत नाही. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला भिडतो. तापलेली हवा आत गेली की मिश्रण लवकर भडकते. शिवाय आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल येते. ते स्वतः नॉकिंग सोसते, पण त्यामुळे मिश्रण पातळ पडते, आणि कार्बोरेटरला ते आपण होऊन कळत नाही. त्याचा जेट आपणच पाहावा लागतो. म्हणून मिस्त्रींनी सांगितले, की होळी झाली की दोन अंश मागे आणा, आणि पहिला पाऊस पडला की पुन्हा पुढे. पोरीने हे सारे एका वहीत लिहून ठेवले आहे. पहिल्या पानावर गाडीचा नंबर, त्याखाली कॅमचे साठ अंश, मग सोळा, अठरा, चौतीस. आणि समासात 'वैशाख : बत्तीस.'

भाऊबीजेनंतर आमच्या झाडीपट्टीत गावोगावच्या मंडया सुरू होतात. दिवसा दंडार, रात्री नाटक, आणि पहाटेपर्यंत माणसांची जा-ये. यंदा त्या गर्दीतून पद्मिनी चालीचालीने गेली, थांबली, पुन्हा निघाली आणि एकदाही बंद पडली नाही. मुलाने काही म्हटले नाही. पण परतताना किल्ली त्याने मागून घेतली. भंगाराचा विषय त्यानंतर घरात निघालेला नाही.

पुलीवर आता दोन खुणा आहेत. एक कारखान्यात कोरलेली, बारीक. तिच्यापासून मोजून नऊ मिलिमीटरांवर दुसरी, पोरीने पांढऱ्या रंगाने काढलेली, थोडी जाड. मी तिला विचारले, "एवढी जाड कशाला?" ती म्हणाली, "आबाजींना पण दिसली पाहिजे ना!"